सहरीनंतरची झोप आणि डबीतलं यंत्र

रमजानमध्ये रात्रीचे दोन तुकडे होतात. तरावीहची नमाज आटोपून घरी यायचं, थोडी झोप होते न होते तोच सहरीला उठायचं आणि फज्रनंतर पुन्हा तास-दोन तास पडायचं. दिवसा पेंग आली की घरचे म्हणतात, ‘रोजा आहे ना!’ पण हीच पेंग रमजानच्या आधीही येत असेल, तर दोष रोजाला देऊन चालत नाही.

अब्बा असोत की आबा, जोरात घोरणं म्हणजे गाढ झोप असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. श्वास 10 सेकंद, कधी त्याहून जास्त अडतो. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकतो. श्वास अडण्याचे किंवा उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला 5 ते 15 आले तर स्लीप अॅप्निया सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र मानतात.

तीव्र आजारात हवेचा दाब देणारा सीपॅपचा मास्क हा मुख्य उपाय. आजार सौम्य वा मध्यम असेल किंवा मास्क सोसत नसेल, तर दंतवैद्य दातांची मापं घेऊन तोंडात बसणारं यंत्र बनवून देतात. ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं; त्याबरोबर जीभही पुढे राहते.

सवय व्हायला काही आठवडे लागतात. लाळ सुटते किंवा तोंड कोरडं पडतं. सकाळी जबडा आखडतो, दात थोडा वेळ जुळत नाहीत. म्हणून जबडा हळूहळू, मिलिमीटरच्या अंशानेच पुढे आणतात. दात हलत असतील किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल, तर आधी सांगावं. पुढे यंत्र लावून झोपेची तपासणी करावी. नुसतं घोरणं थांबलं म्हणजे आजार आटोक्यात आला असं नाही.

रमजानमध्ये घोटाळा होतो तो सहरीला. जेवायला यंत्र काढलं जातं, डबीत जातं आणि ‘आता दोनच तास’ म्हणून तिथेच राहतं. पण पहाटेच्या झोपेत स्वप्नांचा भाग जास्त असतो आणि तेव्हाच स्नायू सर्वांत सैल असतात. अनेकांचा श्वास याच वेळी जास्त अडतो.

तेव्हा सहरीनंतर दात घासावेत, यंत्र ब्रशने गार पाण्यात धुवावं, पुसून पुन्हा लावावं. गरम पाण्याने ते वाकडं होऊ शकतं. आपलीच लाळ गिळल्याने रोजा तुटत नाही. तरी शंका असेल तर मौलाना साहेबांना आधीच विचारून घ्यावं.

झोप तुकड्यांत घेणाऱ्या रात्रपाळीच्या चालकालाही हेच लागू आहे. दुपारी गाडी चालवताना लागलेला डोळा रोजा किंवा पाळी बघत नाही. जितक्या वेळा झोपायचं, तितक्या वेळा यंत्र लावायचं, मग झोप तासाभराची का असेना.