घाटातले नॅक

मागच्या सीटवर लॅपटॉप, त्याला वायरीने जोडलेले दोन फोन, टपावर चुंबकाने चिकटवलेला जीपीएसचा अँटेना. मोबाइल नेटवर्क रस्त्यावरून तपासणारी, ड्राइव्ह टेस्टची आमची गाडी ताम्हिणीच्या दिशेने तीसच्या वेगाने चालली होती. ड्रायव्हरदादांना या वेगाचा मनस्वी वैताग. "साहेब, सायकलवाले पुढे गेले."

पौड सोडेपर्यंत पडद्यावर सगळं हिरवं होतं. मग डोंगर आड आले आणि नॅक दिसू लागले. नॅक म्हणजे फोनचा टॉवरला निरोप: पाकीट मिळालं, पण वाचता आलं नाही. पाकिटाच्या शेपटाला 24 बिटांचा सीआरसी, म्हणजे चूक पकडणारा पडताळा, असतो. त्याचा हिशेब जुळला नाही की नॅक.

असं नापास पाकीट फोन टाकून देत नाही, जपून ठेवतो. मला या कामातली हीच गोष्ट सगळ्यांत आवडते. रिसीव्हरने प्रत्येक बिटाबद्दल नुसतं शून्य की एक एवढंच टिपलेलं नसतं. 'बहुधा एक', 'जवळपास नक्की शून्य', 'काही सांगवत नाही' अशी खात्रीची मात्राही आकड्यात असते. एलटीईत, म्हणजे 4जीत, साधारण 8 मिलिसेकंदांनी तेच पाकीट पुन्हा येतं, तेव्हा दोन्ही खेपांचे आकडे एकमेकांत मिळवतात. हुबेहूब तीच प्रत आली तर 3 डेसिबलचा फायदा, तोही टॉवरची पॉवर न वाढवता. बहुतेकदा मात्र टर्बो कोडचे, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचे, आधी हातचे राखलेले बिट धाडतात; लॉगमध्ये आवृत्त्यांचे क्रमांक 0, 2, 3, 1 असे दिसतात. मग डीकोडरचे दोन भाग आपापले अंदाज एकमेकांना सांगत फेऱ्या मारतात. (1993 मध्ये बेरू आणि ग्लाव्ह्यू यांनी हे मांडलं, तेव्हा अनेक जाणकारांचा विश्वासच बसला नव्हता.) 5जीत डेटासाठी टर्बोऐवजी एलडीपीसी कोड आहेत. ते तर त्याहून जुने, रॉबर्ट गॅलागरच्या 1960 सालच्या एमआयटीतल्या प्रबंधातले.

सोबतचा नवा पोरगा लाल खुणा बघून हबकला. "सर, दहातलं एक पाकीट नापास होतंय!"

"तेवढं व्हायलाच हवं," मी म्हटलं. पहिल्या खेपेला साधारण 10 टक्के पाकिटं चुकावीत असाच हिशेब मुद्दाम धरलेला असतो. एकही चूक नको म्हटलं, तर टॉवर बिचकत बिचकत पाठवतो आणि वेग मार खातो. काळजी करायची ती चौथ्या खेपेलाही न सुटलेल्या पाकिटांची.

ती घाटातल्या एका वळणावर सापडली, सलग. आकड्याला आकडा मिळवावा असं तिथे फोनपर्यंत काही पोचतच नव्हतं. त्या वळणाचे अक्षांश-रेखांश मी अहवालात टिपले आणि पुढे लिहिलं: इथे टॉवरच हवा.