मापाची पेटी, हाताची रोजी

वाशीम जिल्ह्यात तालवाद्याची गोष्ट निघाली की पहिलं नाव येतं नगाऱ्याचं. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेही नगाऱ्याच्या नावानेच ओळखलं जातं. हा शब्द मुळात अरबीतला ‘नक्कारा’. तांडा असो वा किल्ल्याचा नगारखाना, नगाऱ्याला भांडं लागतं आणि वर ताणलेलं कातडं लागतं.

पण कातडं नाही, भांडं नाही, गोलाईसुद्धा नाही असाही एक ढोल जगात आहे. तो म्हणजे सहा फळ्यांची एक उभी पेटी. वाजवणारा तिच्यावरच बसतो आणि दोन पायांच्या मधल्या पातळ फळीवर तळहातांनी व बोटांनी ताल धरतो. तिला ‘काहोन’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ पेटी एवढाच. आपल्याकडे पेटी म्हटलं की बाजाची पेटी आठवते, म्हणून इथे तिला लाकडी पेटीढोल म्हणू. आज या पेटीढोलाची ओळख करून द्यायची ती आपल्या सुतारकाम करणाऱ्या भावांसाठी.

खोक्यांतून जन्मलेलं वाद्य

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावर स्पॅनिश मालकांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. त्या माणसांचा मुलूख गेला, भाषा गेली, ढोलही गेले. मग त्यांनी माल भरायची लाकडी खोकी आणि टेबलाचे खण उलटे केले आणि त्यांवर ताल धरला. पेरूत 1854 साली गुलामगिरी संपली, पण खोक्यावरचा ताल टिकून राहिला. पुढे 2001 मध्ये त्याच देशाने या पेटीला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवलं.

1977 मध्ये स्पेनचे प्रसिद्ध गिटारवादक पाको दे लुसिया पेरूच्या राजधानीत, लिमात गेले होते. तिथे कायत्रो सोतो या वादकाकडून त्यांनी एक पेटी घेतली आणि मायदेशी नेली. ज्या प्रदेशाला आपण अंदलूस म्हणून ओळखतो, तिथल्या फ्लामेंको संगीतात ती इतकी रुळली की पुष्कळांना ती स्पेनचीच वाटते. पेटीच्या आत बारीक तारा लावायची पद्धत स्पेनमध्येच सुरू झाली. पेरूची मूळ पेटी बिनतारेची.

आपल्या घरांत वाद्यांबद्दल एक मत नाही. निकाहाच्या आनंदात दफ वाजवण्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे. त्यापुढच्या वाद्यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याने त्याने जाणकारांना विचारून आपल्या घरापुरतं ठरवावं. हा लेख वाजवण्याचा नाही, घडवण्याचा आहे.

हात रिकामे का राहावेत?

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड अशा कोणत्याही गावात जा, कपाट-पलंग तयार करून विकणारी दुकानं दिसतील. कारखान्यातून सुटे भाग येतात आणि कारागिराच्या वाट्याला फक्त स्क्रू पिळायचं काम उरतं. ज्या हाताला रंधा, पटाशी आणि गुण्या कळतो, त्या हाताची कदर अशाने कमी होते. मुलगा ते पाहतो आणि वडिलांचा धंदा नको म्हणतो. त्याला दोष तरी कसा द्यावा?

कारखाना एका मापाच्या हजार वस्तू बनवतो. एका माणसाच्या मापाची एकच वस्तू बनवणं त्याला परवडत नाही. कारागिराला वाव आहे तो तिथेच, आणि पेटीढोल हे अशा मापाच्या वस्तूचं चांगलं उदाहरण आहे.

कशी घडते ही पेटी?

मोठ्या माणसाची पेटी साधारण 19 इंच उंच, 12 इंच रुंद आणि 12 इंच खोल असते. पण गिऱ्हाईक समोर असेल तर आधी त्याचं माप घ्यावं. बसल्यावर पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत आणि मांडी आडवी राहिली पाहिजे. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचं अंतर हीच पेटीची उंची. लहान मुलाची पेटी 14-15 इंचांची होते.

दोन बाजू, वरची आणि खालची फळी 12 मिलिमीटर प्लायची. विदर्भात सागवान मुबलक. पण उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात हवा दमट होते, आणि रुंद अखंड फळी वाकते किंवा तडकते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने तो जागचा हलत नाही. हिशोब केला तर 8 बाय 4 फुटांच्या एका प्लायमधून सहा पेट्यांच्या या चारही बाजू निघतात. करवतीच्या जाडीपुरती रुंदी मात्र बारा इंचांना किंचित कमी धरावी. कपाट केल्यावर उरलेल्या तुकड्यांतूनही एखादी पेटी सहज होते. पेरूतल्या पेट्याही अशा टाकाऊ लाकडातूनच आल्या होत्या.

चौकट फेविकॉलने जोडायची, गुण्या लावून कोपरे तपासायचे आणि शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवायची. जोडात केसाएवढी फट राहिली तरी पेटी झणझण करते. मागच्या फळीला साधारण साडेचार इंचांचं गोल भोक ठेवतात. पुढे थाप पडली की आतली हवा त्यातून बाहेर येते आणि घुमारा मोठा होतो.

खरी परीक्षा पुढच्या फळीची. ती फक्त 3 ते 4 मिलिमीटर जाडीची असते. जाड झाली तर बोलत नाही, फार पातळ झाली तर फुटते. ती डिंकाने कायमची चिकटवत नाहीत, कडेने स्क्रूने बसवतात. वरच्या दोन कोपऱ्यांचे स्क्रू जरा सैल ठेवले की कडेवर बोट मारताना टणक, चटकदार आवाज येतो. वितभर खाली तळहात मारला की खोल ‘धुम’ उमटतो. आतून गिटारच्या तारा फळीला जेमतेम टेकवल्या तर आवाजाला खरखर येते. तारांचा ताण वाजवणाऱ्याच्या पसंतीप्रमाणे कमीजास्त करावा लागतो, आणि त्यासाठी तो समोर बसलेला असावा लागतो.

शेवटी सगळ्या कडा पॉलिश पेपरने गोल करायच्या, म्हणजे मांडीला आणि बोटांना टोचत नाहीत. खाली चार रबरी पाय लावायचे. पुढच्या फळीवर पॉलिशचा हात अगदी पातळ द्यायचा. जाड थर दिला की आवाज दबतो.

मिरजेचा धडा

‘आपल्या लोकांना हे जमेल का?’ असं कोणी विचारलं तर त्याला मिरज दाखवावी. तिथले शिकलगार हे मुस्लिम कारागीर शस्त्रांना धार लावायचे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतार आणि तंबोरा हाती घेतला. आज ‘सतारमेकर’ हेच त्यांचं आडनाव आहे. तंबोरासुद्धा ते गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे करतात, पुरुषाचा मोठा आणि स्त्रीचा लहान. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धंदा बुडाला म्हणून ती घरं हातावर हात ठेवून बसली नाहीत. हातातली कला त्यांनी दुसऱ्या कामाला लावली.

सुरुवातीला थोडी मदतही आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत आणि पुढे 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. ज्यांना व्याजाचं कर्ज नको, त्यांनी प्रशिक्षण आणि अवजारांची चौकशी जरूर करावी. नोंदणी सीएससी केंद्रावर होते.

तरीही पहिली पेटी विकण्यासाठी करू नये. उरलेल्या तुकड्यांतून एक करावी, बिघडली तर उघडून पुन्हा करावी. शाळेतल्या बँडला, वाद्यांच्या दुकानाला ती दाखवावी. लगेच ऑर्डर येतील असं नाही, पण हात तयार होतो.

हजरत जकरिया (अलै.) सुतार होते, असं हदीसमध्ये आलं आहे. हाताच्या कमाईहून चांगली रोटी नाही, हीही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तेव्हा येत्या सुट्टीत घरातल्या मुलाला दुकानात बोलवा. त्याला फक्त झाडू देऊ नका, गुण्या द्या. त्याच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत टेप धरा आणि पहिली पेटी त्याच्याच मापाची, त्याच्याच हातून होऊ द्या.