डिंगमारांचें तटस्थपण

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांची जी नामावळी आहे, तींत फिरंगी, इंग्रज, वलंदेज व फरांसीस यांच्या शेवटीं ‘डिंगमार’ असें एक नांव येतें. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. पहिल्या चौघांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. पांचव्याकडे मात्र क्षुद्र सावकार म्हणून बहुधा दुर्लक्षच झालें. हे टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशीं त्यांचे त्यांचे राजे उभे आहेत, हा अमात्यांचा इशारा सर्वश्रुत आहे. परंतु पाठीशीं असलेला राजाच दुर्बळ असेल, आणि त्याच्या भोंवतीं प्रबळांचीं युद्धें पेटलीं असतील, तर त्यानें काय करावें? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम डिंगमारांचा येथील पसारा सांगितला पाहिजे. तंजावरचे रघुनाथ नायक यांनीं इ. स. १६२० मध्यें डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन याच्या लोकांस तरंगमबाडीस वसाहत करूं दिली. नायकांनीं त्या राजास लिहिलेलें सोन्याच्या पत्र्यावरील पत्र कोपनहेगनच्या सरकारी दफ्तरांत जतन केलेलें आहे. पुढें तंजावरीं भोसल्यांचें राज्य झालें, तेव्हां त्या जागेचा वार्षिक खंड त्यांच्याकडे जाऊं लागला. १७५५ मध्यें बंगालप्रांतीं श्रीरामपूर मिळालें. पसारा एवढा लहान. तरीही अठराव्या शतकाच्या अखेरीस या वखारींचा व्यापार भरभराटला. विशेष हें कीं, इंग्रज-फ्रेंचांचें युद्ध जुंपलें कीं तो वाढे, आणि तह झाला कीं ओसरे.

याचें कारण उघड आहे. युद्धांत गुंतलेल्यांचीं जहाजें समुद्रावर पकडलीं जात; तटस्थाच्या निशाणाखालीं माल सुखरूप पोहोंचे. म्हणून फ्रेंचांच्या मॉरिशस बेटाचा व वलंदेजांच्या बटाविया बंदराचा माल डेन्मार्कच्या जहाजांतून जाऊं लागला. एवढेंच नव्हे, तर इंग्रज कंपनीचे नोकर आपली खासगी कमाई विलायतेस पोहोंचविण्यासाठीं याच व्यापारास भांडवल पुरवीत. दोन्ही पक्षांस सोयीचा असलेला हा शेजारी, म्हणूनच दोघेही त्यास सोशीत होते.

येथें एका शब्दाविषयीं खुलासा अवश्य आहे. तटस्थास आपण सहज ‘उदासीन’ म्हणतों. पण कौटिल्याच्या परिभाषेंत उदासीन म्हणजे मंडलाबाहेरील, इतर सर्वांहून बलवत्तर असा राजा. त्यास कोणाचें भय नसतें. डेन्मार्क तसें नव्हतें. त्याचें धोरण षाड्गुण्यांतील ‘आसन’ होय; आणि दुर्बळाचें आसन निष्क्रिय राहून टिकत नाहीं, तें नित्य सांभाळावें लागतें.

हें ज्यास पूर्ण उमगलें होतें, असा पुरुष म्हणजे परराष्ट्रमंत्री आंद्रेआस पेटर बर्नस्टॉर्फ. अमेरिकेच्या युद्धांत रशियाच्या कॅथेरीन राणीनें तटस्थांचा सशस्त्र संघ उभारला. तटस्थाच्या जहाजावरील शत्रूचा माल, युद्धसामग्री वगळतां, पकडूं नये, हें त्याचें एक मुख्य तत्त्व. डेन्मार्क १७८० च्या जुलैंत त्या संघांत शिरलें. पण त्याच्या थोडेच दिवस आधीं बर्नस्टॉर्फनें इंग्लंडशीं निराळा ठराव करून निषिद्ध मालाची व्याख्या इंग्रजांस मानवेल अशी करून घेतली होती. तत्त्व रशियाबरोबर, तपशील इंग्लंडबरोबर! रशियाच्या रोषामुळें त्याच वर्षीं त्याचें मंत्रिपद गेलें. पण जहाजें चालूं राहिलीं. १७८४ मध्यें तो पुन्हां त्या पदावर आला, व १७९७ मध्यें मरेपर्यंत त्यानें फ्रेंच राज्यक्रांतीच्या युद्धांतही देशास अलिप्त राखिलें.

त्याच्या पश्चात् तोल सुटला. १७९८ पासून व्यापारी जहाजांबरोबर लढाऊ नौकांचा पहारा जाऊं लागला, आणि ज्या मालाविषयीं इंग्रजांस वाजवी संशय होता तोही त्या पहाऱ्याच्या आड आला. जुलै १८०० मध्यें ‘फ्रेया’ या नौकेनें इंग्रजांस झडती नाकारली व चकमक उडाली. डिसेंबरांत डेन्मार्क रशियाच्या नव्या संघांत शिरलें. २ एप्रिल १८०१ रोजीं नेल्सननें कोपनहेगनपुढें त्याचें आरमार मोडलें. आणि थोड्याच काळांत, त्याच वर्षीं, तरंगमबाडी व श्रीरामपूर इंग्रजांनीं घेतलीं. १८०२ मध्यें तीं परत मिळालीं.

तथापि सर्व दोष डेन्मार्कच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. १८०७ मध्यें तें तटस्थच होतें. परंतु त्याचें आरमार नेपोलियनच्या हातीं पडेल, एवढ्या भयानें इंग्रजांनीं कोपनहेगनवर तोफा डागून तें आरमार नेलें. मग आसन सोडून नेपोलियनचा संश्रय करणें भाग पडलें. १८०८ च्या आरंभीं वखारी पुन्हां गेल्या. १८१३ मध्यें राज्याचें दिवाळें निघालें. १८१४ मध्यें नॉर्वे हातचा गेला. १८१५ मध्यें वखारी परत आल्या, पण व्यापार आला नाहीं. अखेर १८४५ मध्यें साडेबारा लाख रुपयांस त्या इंग्रज कंपनीस विकल्या गेल्या.

तात्पर्य, दुर्बळाचें तटस्थपण धर्मानें टिकत नाहीं. प्रबळांस तें सोयीचें वाटेल तोंवर टिकतें. शहाणपणानें ती सोय लांबवितां येते, कायमची करतां येत नाहीं. तरी तेवढ्या अवकाशांतही पुष्कळ घडून जातें. कंपनीनें ज्यांस आपल्या मुलुखांत थारा दिला नाहीं, त्या केरी प्रभृतींस श्रीरामपुरीं डेन्मार्कच्या निशाणाखालीं आश्रय मिळाला. आणि केरीचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें तेथेंच छापून निघालें. ज्या संग्राहकांजवळ श्रीरामपूरचे जुने मराठी छाप असतील, त्यांच्या दप्तरांत हें तटस्थपण आजही शिल्लक आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, मोडी रुमालांत डिंगमारांचें नांव आल्यास तो कागद किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नये. विशेषतः १८०१-०२ व १८०८ ते १८१५ या काळांतील कागदांत तरंगमबाडीचा धनी बदललेला दिसल्यास ती लेखकाची चूक समजूं नये. तो बदल कोपनहेगनच्या बंदरांत झालेला असतो. आपल्या कागदावर केवळ त्याची नोंद असते.