जुनी आरडी ३५० मूळची कुठली? इतिहासाच्या साधनांचा एक पाठ

शिक्षकमित्रांनो आणि पालकहो, इतिहासाची भौतिक, लिखित आणि मौखिक साधने शिकवताना आपण नाणी, ताम्रपट, पोवाडे अशी उदाहरणं देतो. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. आज एक वेगळं साधन घेऊया. शेडमध्ये धूळ खात पडलेली जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल!

यामाहाने १९७३ ते १९७५ या काळात जपानमध्ये आरडी ३५० बनवली आणि देशोदेशी विकली. पुढे १९८३ पासून एस्कॉर्ट्स कंपनीने हीच गाडी काही बदल करून राजदूत ३५० या नावाने भारतात आणली. त्यातही आधीची 'हाय टॉर्क' आणि नंतरची 'लो टॉर्क' असे दोन प्रकार. जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती, हाय टॉर्कची ३०.५ आणि लो टॉर्कची २७. आपल्याकडे गिऱ्हाईक पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' हाच विचारतं, त्यामुळे ताकद का उतरवली असेल हे वेगळं सांगायला नको.

आता गंमत बघा. तिन्ही गाड्यांचं इंजिन मोजलं तर सारखंच भरतं. सिलिंडरचा व्यास ६४ मिमी, पिस्टनची धाव ५४ मिमी आणि सिलिंडर दोन. नववीतला मुलगाही वृत्तचितीच्या घनफळाच्या सूत्राने ३४७ घन सेंमी काढून दाखवेल. मग ताकद वेगळी कशी? टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे धूर सोडणारे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच वर-खाली होताना उघडतो आणि झाकतो. धुराबरोबर थोडा ताजा पेट्रोल-हवेचा भपकाही बाहेर निसटतो. सायलेन्सरचा आकार योग्य असेल तर आतून उलटून आलेली दाबाची लाट तो भपका परत सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणून सायलेन्सर आणि कार्बोरेटर यांत फेरफार केला की इंजिन तेवढंच राहून ताकद कमी-जास्त होते. थोडक्यात, नुसतं मोजमाप करून गाडी कोणत्या बाजारासाठी बनली ते कळत नाही.

शिवाय मोजमापही फसवतं. झिजलेल्या सिलिंडरला मिस्त्री बोअरिंग करून मोठा पिस्टन टाकतात. व्यास ६५ मिमी झाला तर इंजिन ३५८ घन सेंमीचं होतं. वर्गात हे गणित जरूर करून घ्या. एका मिलिमीटरने ११ घन सेंमी वाढले हे पाहून मुलं चकित होतात.

मग पुरावा शोधायचा कुठे? जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, भारतीय गाडीला ड्रम. पण ड्रम ब्रेक कमी पडतो म्हणून आपल्याकडे अनेकांनी नंतर डिस्क बसवली आहे, तेव्हा नुसती डिस्क बघून 'ओरिजिनल जपानी आहे' म्हणणाऱ्याला जास्त पैसे मोजू नका. स्पीडोमीटरवर मैल असतील तर तो अमेरिका किंवा ब्रिटनच्या बाजारासाठीचा. हेडलाइटचा डिपर डावीकडे झुकत असेल तर ती काच डाव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशासाठीची. काचेवर वर्तुळात ई आणि आकडा असेल तर तो युरोपीय मान्यतेचा शिक्का. त्यातला आकडा मान्यता देणारा देश सांगतो, गाडी कुठे विकली ते नाही. हे सगळे भाग चार बोल्ट काढले की बदलतात, म्हणून त्यांची साक्ष कच्ची. फ्रेमच्या मानेवर ठोकलेला चेसिस नंबर सहजी बदलत नाही, ती साक्ष पक्की. जपानहून निघालेल्या आरडीवर इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच असायचा. इथे आर.सी. बुक हे लिखित साधन आणि 'ही आमच्या काकांनी जपानहून मागवली होती' हे मौखिक साधन. तिन्ही एकमेकांशी ताडून बघायची. काका खोटं बोलत नसतात, पण चाळीस वर्षांत आठवण आणि बढाई एकत्र होते!

खरं नुकसान होतं ते उत्साहाच्या भरात. गाडी घरी आली की पहिल्याच रविवारी पॉलिश पेपर हातात घेतला जातो. थांबा. सीटखाली, टाकीच्या पोटाशी मूळ रंगाचा तुकडा बहुधा टिकून असतो. आधी त्याचे फोटो काढा. चेसिस नंबरवर तर ग्राइंडर अजिबात फिरवू नका. नंबर खोडला गेला तर पुरावा जातोच, कायद्याचं लचांडही मागे लागतं. इंजिन सुरू करण्याची घाईही नको. क्रँकची ऑइल सील कडक झालेली असतात, त्यातून फुकटची हवा आत शिरते आणि पिस्टन जाम होतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. १९७३ ची जपानी आरडी आजच या वयात बसते, एस्कॉर्ट्सच्या पहिल्या गाड्या मात्र २०३३ नंतर. आज भारतीय गाडीला जपानी रूप दिलं तर त्या वेळी 'मूळ स्वरूप' कुठून दाखवणार? माझं मत विचाराल तर गाडी रोज चालवायची असेल तेव्हा चांगला ब्रेक हवाच. बदल नियमात बसतो का ते आरटीओत विचारून घ्या आणि काढलेलं ड्रमचं चाक, सायलेन्सर, मीटर भंगारात देऊ नका. प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा. चिठ्ठ्या लिहायचं काम मुलांकडे द्या.