घरातील वीज, पाणी आणि पगाराची चिठ्ठी

व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय आम्हांस दिला, तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने हसून विचारले, "पगारवाढ मागणारा माणूस आता काटकसर शिकवणार काय?" प्रश्न रास्त होता. काटकसरीचा उपदेश कामगाराला नवा नाही. तो बहुधा पगारवाढीच्या मागणीला उत्तर म्हणूनच त्याच्या पुढ्यात येतो. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, हे विवेचन पगाराला पर्याय म्हणून केलेले नाही. अंधारात बसून, रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा पंखा बंद करून किंवा घरच्या बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा चढवून जी बचत होते, तिला आम्ही बचत मानीत नाही. मिळालेला रुपया कोठून गळतो हे आपणांस ठाऊक असावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.

आपल्या गंगापूर तालुक्यात वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. तेथे संघटनेचे काम करू लागलो तेव्हा कामगारांना आम्ही पहिली गोष्ट शिकविली ती घोषणा देण्याची नव्हे, पगाराची चिठ्ठी वाचण्याची. किती दिवस भरले, जादा काम किती लागले, भविष्यनिर्वाह निधीचे किती कापले. आमचे स्वतःचे शिक्षण सातवीत थांबलेले. टक्केवारी आम्ही शाळेत नव्हे, त्या चिठ्ठीवरच शिकलो. पुढे लक्षात आले की, चिठ्ठीतला एक रुपया चुकला तर भांडावयास उठणारा हाच कामगार विजेचे बिल मात्र न वाचता घडी घालून खिशात ठेवतो. खालचा आकडा पाहतो, एक सुस्कारा टाकतो आणि भरून मोकळा होतो.

आता युनिट म्हणजे काय ते पाहू. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट झाले. एवढे ध्यानात धरले की पुढचे सारे त्रैराशिक आहे. 9 वॅटचा एलईडी दिवा एका युनिटात 111 तास जळतो. जुना 60 वॅटचा पिवळा दिवा 17 तासही पुरा जळत नसे. साधा छताचा पंखा 75 वॅटचा धरला तर 13 तास चालतो. आणि बादलीत बुडवावयाची 1500 वॅटची सळई? चाळीस मिनिटांत युनिट संपते. आमच्या घराघरांतून "दिवा कोणी चालू ठेवला?" म्हणून पोरांवर ओरडण्याची चाल आहे. ती पिवळ्या दिव्यांच्या काळी योग्यच होती. परंतु 2015 साली उजाला योजनेतून स्वस्त एलईडी दिवे घरोघर आले, त्यानंतर ओरडण्याची जागा बदलावयास हवी होती. दिवा पाच तास फुकट जळला तर युनिटाचा बाविसावा हिस्सा जातो. सळई बादलीत विसरून कोणी दहा मिनिटे गप्पा मारीत बसला तर पाव युनिट जाते.

पंख्याचे मात्र तसे नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत पंखा ही चैन नव्हे. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, घरची मंडळी रात्री झोपतात; मिळून सोळा तास पंखा फिरतो. 75 वॅटच्या पंख्याचे महिन्याला 36 युनिट होतात. हल्ली बीएलडीसी मोटारीचे पंखे मिळतात. ते जोरात फिरतानाही 30 वॅटच्या आसपासच घेतात. त्यांचे साडेचौदाच युनिट होतात. एका पंख्यामागे महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात आणि वारा तेवढाच लागतो. पंखा बंद करून वाचविण्यापेक्षा हे बरे. किंमत अधिक पडते हे खरे; म्हणून सारे पंखे एकदम बदलू नयेत, जो सर्वांत अधिक फिरतो तो आधी बदलावा. छताच्या पंख्यांवर तारांकनाचे लेबल 2023 च्या जानेवारीपासून सक्तीचे झाले आहे. दुकानदाराच्या तोंडच्या वर्णनापेक्षा ते लेबल वाचावे.

ही एकवीस युनिटे रुपयांत किती, हे समजण्यासाठी बिलातील टप्पे समजले पाहिजेत. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात 1 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे चढते टप्पे आहेत. पुष्कळांचा समज असा की, 101 वे युनिट पडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसे नाही. पहिल्या शंभरांना पहिलाच दर राहतो. त्यावरच्यांना तेवढा वरचा लागतो. मात्र गेल्या काही वर्षांच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या घरात राहिला आहे. म्हणजे ज्याचे 120 युनिट होतात, त्याची शेवटची वीस युनिटे पहिल्या वीसांहून दुप्पट महाग. आणि आपण जे वाचवितो ते नेहमी शेवटचेच युनिट असते! शिवाय त्यावरचे 16 टक्के विद्युत शुल्कही वाचते. एकवीस युनिटांचे मोल असे वरच्या दराने धरावयाचे, सरासरीने नव्हे.

येथे एक अन्याय सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या बाजूला खोल्या करून राहणारे कितीतरी कामगार आहेत. पाच खोल्या, पण मीटर घरमालकाच्या नावे एकच. समजा, प्रत्येक खोलीचे महिन्याला 60 युनिट झाले. स्वतंत्र मीटर असते तर पाचही कुटुंबे पहिल्या टप्प्यातच बसली असती. एका मीटरवर मात्र बेरीज 300 होते आणि त्यांतील 200 युनिटे दुसऱ्या टप्प्यात जातात. मालक बिचारा भरतो तेवढेच वाटून घेतो असे मानले तरी, एक दिवा, एक पंखा आणि एक दूरदर्शनसंच वापरणाऱ्या कुटुंबाला बंगल्याचा दर पडतो. काही मालक तर त्यावरही चार पैसे चढवितात. अशा घरी पंखा बदलून फार काय होणार? तेथे मीटर बदलले पाहिजे. 2003 च्या विद्युत अधिनियमाच्या 43 व्या कलमात जागेच्या मालकाने किंवा तेथे राहणाऱ्याने अर्ज केला असता वीज द्यावयाची, असे म्हटले आहे. राहणाऱ्याने, हा शब्द कामगारांनी अधोरेखित करून ठेवावा. प्रत्यक्षात कागदपत्रांसाठी खेटे पडतात आणि मालकाशी वाकडे घेणे एकट्याला जमत नाही, हे आम्ही जाणतो. पाच खोल्यांनी मिळून बोलावे.

बिलावरची आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग या दोन चौकटींत खरे आकडे आहेत की सरासरीने बिल काढले आहे? सरासरीचे बिल दोन-तीन महिने गोड लागते आणि मग सगळे एकदम अंगावर येते. तसे आले तर जितक्या महिन्यांचे रीडिंग असेल तितक्या पटीने टप्पेही धरले पाहिजेत. ते धरले आहेत की नाहीत हे तपासावे. आमच्या घरी कालनिर्णयच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी दर रविवारी मीटरचा आकडा लिहितात. तक्रार घेऊन गेलो तर हातात काहीतरी असते.

आता पाण्याकडे वळू. खरे म्हणजे वीज आणि पाणी हे दोन विषय नाहीतच. बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही त्यांना शहरातील पाणचक्की दाखवावयास नेतो. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने डोंगराकडून नहरी आणल्या. पाणी उताराने, आपल्या वजनाने येत असे. पाणचक्कीत तर पुढे त्याच्याच धारेवर जाते फिरविले. आज त्याच शहराला पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून, आणि तो शहराच्या पातळीहून सुमारे शंभर मीटर खाली आहे. थेंबन् थेंब पंपाने चढवावा लागतो. नळपट्टीत हे विजेचे बिल दडलेले असते. आपल्या दारी आलेले पाणी आपण पुन्हा मोटार लावून गच्चीवर चढवितो, ते बिल निराळे.

नळपट्टी बहुतेक ठिकाणी वर्षाची ठोक असते. मग पाणी जपून पैसे कसे वाचणार, असे कोणी विचारील. पैसे वाचतात ते नळावर नव्हे. नळ न आलेल्या दिवशी घ्यावयाच्या टँकरवर आणि जारवर. वीस लिटरचा जार समजा वीस रुपयांना पडला, तर लिटरला रुपया झाला. हजार लिटरांचे हजार रुपये. एवढ्या दराने पाणी कोणताही कारखाना घेत नसेल, पण खोलीत राहणारा मजूर घेतो.

आणि नळ आठवड्याने आला की आपण काय करतो? आधीचे साठविलेले पाणी "शिळे" म्हणून ओतून देतो! ताजे पाणी आले, मग शिळे कशाला. हे दृश्य कोणत्याही गल्लीत नळाच्या दिवशी पाहावे. ड्रम आडवे होतात, गटारे दुथडी वाहतात. पाणी भाकरीसारखे शिळे होत नाही. झाकलेले असले तर ते भांडी, कपडे, संडास यांना चांगले चालते. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासावीत, हे आरोग्यखात्याचे सांगणे बरोबर आहे. पण रिकामी करावयाची ती वापरून. नळ येण्याच्या आदल्या दिवशी घरातले कपडे धुवावयास काढले की दोन्ही गोष्टी साधतात. हे आम्हांस सुचलेले नाही. आमच्या घरच्या मंडळींनी शिकविलेले आहे, आणि ते समजावयास आम्हांस वीस वर्षे लागली.

गळतीचेही तसेच. गळक्या नळाखाली लिटरची बाटली लावावी आणि घड्याळ पाहावे. तासात भरली तर दिवसाला 24 लिटर, महिन्याला 720. वायसर काही रुपयांना मिळतो. आमच्याच गच्चीवरील टाकीचा तरंगता गोळा बिघडला होता. आम्ही मेळाव्यांतून उधळपट्टीवर बोलत होतो आणि घरी मोटार चालू राहून टाकी मागच्या भिंतीवरून वाहत होती. "अहो, कारखान्यातली गळती सांगता, आधी भिंतीची ओल बघा," असे ऐकून घ्यावे लागले.

पावसाचे पाणी आपल्याकडे थोडे, पण हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर झाले. तीस चौरस मीटरचे छत आणि हंगामात 600 मिलिमीटर पाऊस धरला तर अठरा हजार लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी चौदा हजार उरतात. एवढे साठवावयास हौद कोणाकडे आहे? नाही. परंतु पन्हळ लावून बोअरच्या कडेला जिरविले तरी बोअर काही दिवस पुढे चालतो. पहिल्या पावसाचे पाणी मात्र सोडून द्यावे. त्यात छताची सारी घाण असते.

गावाने मिळून केले तर बचत निराळ्याच मापाने होते. वाळूजजवळच्या पाटोदा गावाने घरोघर सळई किंवा चूल पेटविण्याऐवजी सामाईक गरम पाण्याची सोय केली, आणि कर पुरा भरणाऱ्याला दळण फुकट दिले. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन नळाला मीटर आणि चढता दर लावला. पाणी केव्हाही येणार म्हटल्यावर साठविणे संपते, आणि साठविणे संपले की ओतून देणेही संपते.

स्वयंपाकाच्या गॅसविषयी थोडेच सांगतो, कारण तेथे आमच्यापेक्षा श्रोत्यांतील भगिनींना अधिक कळते. डाळ भिजवून कुकरला लावावी, उकळी आली की ज्योत बारीक करावी, ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ करावा. घरगुती सिलिंडरात 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर लिहिलेले असते. घेताना वजन करून मागावयाचा आपला हक्क आहे. तो बजावताना संकोच वाटू नये.

व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी प्रश्न विचारला: "दादा, शेजारी नळाला थेट मोटार लावतात, आमच्या नळाला हवा येते. आम्ही काय वाचवायचं?" सभागृहात हशा पिकला, पण प्रश्न हसण्याचा नव्हता. नळाला मोटार लावली की वाहिनीत ओढ निर्माण होते; पुढच्या घराचे पाणी जाते, आणि सांधा गटारातून गेलेला असेल तर गटाराचे पाणी आत खेचले जाते. ते मोटारवाल्याच्याच टाकीत आधी पडते. त्यात वीज जाते ती वेगळीच.

बाईंना आम्ही खरे तेच सांगितले. आमच्याही नळाला मोटार होती. शेजारच्याने लावली म्हणून आम्ही लावली, आमची पाहून पलीकडच्याने. शेवटी एका नळाच्या दिवशी सकाळी आम्ही आमची काढली आणि मग गल्लीत फिरलो. आधी काढल्याशिवाय फिरण्यात अर्थ नव्हता. नऊ घरांपैकी सातांनी काढल्या. दोघांनी नाही काढल्या. त्यांतील एक आमच्याच संघटनेचा सभासद आहे. त्याच्याशी बोलणे चालू आहे. पाणी आता शेवटच्या घरी हंड्याच्या उंचीपर्यंत चढते, पूर्वी ते उंबऱ्याशीच थांबत असे.