सव्वा मीटरची कागदी युद्धनौका

‘बिस्मार्क’ ही जर्मन युद्धनौका १४ फेब्रुवारी १९३९ रोजी हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीतून पाण्यात उतरली आणि २७ मे १९४१ रोजी अटलांटिकच्या तळाशी गेली. लांबी २५१ मीटर, रुंदी ३६ मीटर. हीच नौका १:२०० या प्रमाणात कागदातून उभी केली, तर ती सव्वा मीटर लांब आणि १८ सेंटीमीटर रुंद होते. कागदी मॉडेलच्या छंदात नुकतेच पाऊल टाकलेल्यांना नेमकी अशीच एखादी अजस्र नौका खुणावते. छोट्या होडीपासून सुरुवात करा, असा सल्ला त्यांना हमखास मिळतो. तो चुकीचा नाही, पण मनापासून आवडलेली नौकाच माणसाला महिनोन्‌महिने कामाला बसवू शकते. शिवाय मोठ्या प्रमाणात एकेक भागही मोठा असतो, बोटांत धरता येतो. अवघडपणा आकारात नाही. तो आहे शेवटी कुणालाच न दिसणाऱ्या सांगाड्यात.

असे मॉडेल जाड कागदावर छापून येते. भागांना क्रमांक दिलेले असतात. कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे. पोलंडमध्ये ‘मावी मोडेलाश’ हे मासिक १९५७ पासून असे नमुने छापत आले आणि त्या स्वस्त अंकांवर तिथल्या मुलांच्या पिढ्या नौका-विमाने करायला शिकल्या. पोलिश प्रकाशकांच्या युद्धनौका बहुधा १:२०० प्रमाणात असतात, तर जर्मनीत विल्हेल्म्सहाफेन आणि हॅम्बुर्गच्या नमुन्यांनी १:२५० हे प्रमाण रूढ केले.

रंग छापलेलाच असल्यामुळे नमुना विकत घेतानाच एक निर्णय होऊन जातो. बाल्टिक समुद्रात असताना ‘बिस्मार्क’च्या अंगावर काळे-पांढरे तिरपे पट्टे होते, मे १९४१ मध्ये अटलांटिककडे निघताना नॉर्वेच्या किनाऱ्यावर ते रंगवून झाकले गेले. म्हणून आपल्याला कोणत्या दिवसांतली नौका हवी, हे आधी ठरवलेले बरे.

आता सांगाडा. मधोमध उभा कणा, त्याला छेदणाऱ्या आडव्या फासळ्या आणि त्यांवर सपाट डेक, अशा या जाळीचे भाग एकमेकांच्या खाचांत बसतात. हे भाग साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून मग कापतात. पहिला घोटाळा इथेच होतो. पाणी असलेला पांढरा गोंद मोठ्या पृष्ठभागावर लावला की पुठ्ठा वाकतो. त्यामुळे गोंद अगदी पातळ पसरावा आणि कागद पुस्तकांच्या वजनाखाली रात्रभर दाबून ठेवावा. पुठ्ठ्याची जाडी नमुन्यात सांगितली असेल तितकीच हवी. ती किंचित जास्त असली, तर प्रत्येक फासळी खाचेत रेटून बसवावी लागते, कण्यावरच्या खाचा फाकत जातात आणि अख्खी नौका केळ्यासारखी वाकते. एकदा वाळलेला बाक नंतर सरळ होत नाही. म्हणून जुळणी काचेवर करावी, नाळेपासून पिछाडीपर्यंत दोरा ताणून रेष तपासावी आणि खात्री पटल्यावरच गोंद लावावा. या कामाला दोन-तीन आठवडे गेले तरी ते वाया जात नाहीत. आजकाल लेझरने कापलेल्या तयार फासळ्याही मिळतात. नवख्याने त्या घेण्यात काहीच कमीपणा नाही.

त्यानंतर पाण्याखालचा भाग. सपाट कागदाला दोन्ही दिशांनी गोलाई देता येत नाही, म्हणून हे आवरण अनेक पट्ट्यांत येते. फासळ्यांच्या कडा आधी पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासाव्यात. जहाजाच्या पोटापासून सुरुवात करून नाळेकडे आणि पिछाडीकडे जावे, कारण पोटाशी पट्ट्या जवळजवळ सरळ असतात आणि तिथे हात बसतो. प्रत्येक पट्टी गोंदाशिवाय एकदा लावून पाहावी. हे नकोच वाटत असेल, तर पाणरेषेवर कापलेले मॉडेल हा चांगला पर्याय आहे. १:२५० चे अनेक जर्मन नमुने तसेच असतात आणि त्या प्रमाणात ‘बिस्मार्क’ साधारण एक मीटरची होते.

डेकच्या वरचे काम संयमाचे आहे. ‘बिस्मार्क’वर ३८ सेंटीमीटरच्या आठ तोफा चार बुरुजांत होत्या, १५ सेंटीमीटरच्या बारा तोफा सहा बुरुजांत, शिवाय १०.५ सेंटीमीटरच्या सोळा विमानविरोधी तोफा आठ जोड्यांत. एकच वस्तू आठ वेळा करायची म्हटल्यावर अनेकांचा धीर सुटतो. खरे तर नवख्याची शिकवणी इथेच होते: पहिली जोडी तिरपी बसते, पाचवी नेटकी येते. सारख्या जोड्या एकदम तयार कराव्यात आणि त्यांतल्या उत्तम जोड्या नजरेसमोरच्या बाजूला लावाव्यात. नळ्या सुईवर कागद गुंडाळून होतात. दुमडण्याच्या रेषांवर रिकाम्या बॉलपेनने आधी दाब द्यावा. कापलेल्या प्रत्येक भागाची पांढरी कड जलरंगाने करडी करावी. फार कमी वेळाचे हे काम, पण कडा पांढऱ्याच राहिल्या तर सगळी मेहनत कागदी दिसते.

टेबल लहान असेल, तर पोलंडची विनाशिका ‘ब्विस्काविट्सा’ घेता येईल. ११४ मीटरची ही नौका १:२०० प्रमाणात ५७ सेंटीमीटरची होते. इंग्लंडमधल्या काउजला बांधलेली आणि १९३७ मध्ये नौदलात आलेली ही विनाशिका आज गदिनिया बंदरात संग्रहालय म्हणून उभी आहे. त्यामुळे रेलिंगपासून डोलकाठीपर्यंत हवा तो तपशील छायाचित्रांत पाहता येतो.

मुंबई-कोकणात हे काम करणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार आधी करावा. दमट हवेत कागद ओलावा धरून फुगतो आणि गोंद वाळायला वेळ घेतो, म्हणून सांगाडा आणि आवरण कोरड्या महिन्यांत उरकावे. तयार नौकेवर वॉर्निशचा पातळ हात द्यावा, ती काचेच्या पेटीत ठेवावी आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून दर मे महिन्याच्या अखेरीस त्या बदलाव्यात.