द्वितीय भाषेतील प्रभुत्व आणि शब्दसंग्रह

मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंड किंवा नंदुरबारकडील पावरा मूल पहिलीत येते, तेव्हा मराठी ही त्याची द्वितीय भाषा असते. दोन-तीन वर्षांत ते पाठ घडाघडा वाचू लागते. परंतु पाठाखालील प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही. मग 'मूल मंद आहे' असा शेरा पडतो. असा शेरा देण्यापूर्वी एक तपासणी अगत्याची आहे. पाठातील किती शब्द त्यास ठाऊक आहेत?

भाषेवरील प्रभुत्व म्हणजे केवळ शब्दसंग्रह नव्हे. वाक्यरचना व प्रसंगानुरूप बोलणे हीही त्याची अंगे आहेत. तथापि वाचनाच्या आकलनाशी शब्दज्ञानाचा संबंध अत्यंत निकटचा आहे. हू व नेशन यांचे यासंबंधीचे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. उताऱ्यातील ८० टक्के शब्द ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकासही त्याचे पुरेसे आकलन झाले नाही. साहाय्याविना वाचण्यास बहुतेकांना सुमारे ९८ टक्के शब्द यावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे संशोधन इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांविषयी असल्याने हे आकडे आपणांस केवळ दिग्दर्शक समजावेत.

मराठी घरातील मूल हजारो शब्द घेऊनच शाळेत येते. पावरा मुलास मराठीशी नाते असलेले काही शब्द तरी भेटतात. कारण त्याची बोली आर्यभाषाकुळातील आहे. गोंडी द्राविडी कुळातील, तर कोरकू मुंडा गटातील आहे. त्या मुलांना हा आधार फारच थोडा असतो. यात बुद्धीचा प्रश्न नाही.

शब्द 'येतो' म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे.

१. ऐकून समजणारे शब्द पुष्कळ, बोलताना वापरता येणारे थोडे असतात. गप्प बसणारे मूल अज्ञानी असतेच असे नाही.

२. 'विहीर' ओळखणारे मूल 'विहिरीत' या शब्दापाशी अडते. 'घोडा' जाणणाऱ्यास 'घोड्याला' नवा वाटतो. सामान्यरूप आपल्या अंगवळणी पडलेले असल्याने ही अडचण आपल्या ध्यानात येत नाही.

३. 'हात' ठाऊक असला, तरी 'हात देणे' म्हणजे मदत करणे, हे निराळे शिकावे लागते. शब्दांची संख्या आणि शब्दज्ञानाची खोली, दोन्ही वाढली पाहिजेत.

तपासणीची रीत सोपी आहे. पाठ्यपुस्तकातील सुमारे १०० शब्दांचा उतारा घ्यावा. मुलास जवळ बसवून चित्र, खूण, कृती किंवा घरची बोली यांच्या साहाय्याने प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारावा. दोन शब्द अडले, तर मूल स्वतः वाचू शकेल. पाचांच्या आसपास अडले, तर शिक्षकाने सोबत वाचावे. दहा-वीस अडले, तर आधी शब्द शिकवावेत आणि मगच पाठ घ्यावा.

शब्द शिकविताना लांबलचक याद्या पाठ करवू नयेत. एका वेळी थोडे शब्द घ्यावेत आणि तेच पुढील दिवसांत निरनिराळ्या वाक्यांतून पुनःपुन्हा आणावेत. मोठी मुले व पालक यांच्याकडून बोलीतील प्रतिशब्द मिळवून द्वैभाषिक तक्ता भिंतीवर लावावा. बोलीतील शब्द वर्गात आल्याने मराठी बिघडत नाही. माहीत असलेल्या कल्पनेस नवे नाव जोडणे सोपे जाते.

शब्द वाढले की वाचन वाढते आणि वाचन वाढले की शब्द वाढतात; पण या चाकास पहिली गती शिक्षकानेच द्यावी लागते. तरी सर्व शिक्षकांनी या सत्रात निदान पाच मुलांची अशी तपासणी करून, अडलेल्या शब्दांच्या नोंदी केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी आणाव्यात, अशी विनंती आहे.